खेळाडू खुर्चीत बसला म्हणून

आपल्याकडे एखाद्या क्रीडा संघटनेतला घोटाळा बाहेर आला की दुसऱ्या दिवसापासून एकच मागणी सुरू होते: पुढाऱ्यांना हाकला आणि कारभार खेळाडूंच्या हाती द्या. या मागणीला टाळ्या हमखास मिळतात. मला ती अर्धवट वाटते, आणि अर्धवट आहे म्हणूनच घातक वाटते. पुढाऱ्यांना हाकलायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण मैदानावर घाम गाळलेला माणूस खुर्चीत बसला की खेळाडूंना आपोआप न्याय मिळतो, या समजुतीला कसलाही आधार नाही. हे मी हवेत बोलत नाही. जॅक क्रेमर नावाच्या माणसाची कारकीर्द माझ्यासमोर आहे. विम्बल्डन जिंकलेला खेळाडू, नंतर प्रवर्तक, मग स्पर्धा-संचालक आणि शेवटी खेळाडूंच्या संघटनेचा कार्यकारी संचालक. आजच्या टेनिसचा आर्थिक सांगाडा बऱ्याच अंशी त्याने उभा केलेला आहे. खेळाडूने कारभारी व्हावं म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही, आणि म्हणूनच ते नीट तपासलं पाहिजे.

आधी त्याचं देणं मान्य करतो. १९२१ साली लास व्हेगासमध्ये रेल्वे कामगाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा लॉस एंजेलिसच्या टेनिस क्लबात घडला. १९४६ आणि १९४७ साली त्याने अमेरिकेचं अजिंक्यपद जिंकलं, १९४७ साली विम्बल्डन. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात टॉम ब्राउनला त्याने तासाभराच्या आत गुंडाळलं. आणि त्या विजयाबद्दल त्याला रोख बक्षीस म्हणून काय मिळालं? काहीही नाही. तेव्हा चारही मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. तिकिटांचा पैसा संघटनेच्या तिजोरीत जायचा आणि खेळाडूला प्रवासखर्च मिळायचा. नामवंतांना टेबलाखालून पाकिटं मिळत आणि ही गोष्ट पदाधिकाऱ्यांपासून वार्ताहरांपर्यंत सगळ्यांना माहीत होती. पण ज्याने उघडपणे मानधन घेतलं त्याला विम्बल्डनचं दार कायमचं बंद. याला खेळाची शुद्धता म्हणायचे. ही निव्वळ वेठबिगारी होती, आणि ती राबवणारे सभ्य पोशाखातले लोक होते.

क्रेमरने तिला लाथ मारली. २६ डिसेंबर १९४७ च्या रात्री न्यूयॉर्क बर्फाखाली गाडलं गेलं होतं, वाहतूक ठप्प होती, तरी त्याचा पहिला व्यावसायिक सामना पाहायला पंधरा हजारांवर माणसं मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पोचली. समोर होता बॉबी रिग्ज. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. त्या रात्री क्रेमर हरला, पण गावोगाव चाललेली ती मालिका त्याने ६९ विरुद्ध २० अशी जिंकली. पुढे तो स्वतःच या फिरत्या मालिकांचा चालक झाला. हौशी टेनिसमधला विजेता हेरायचा, त्याच्यापुढे करार ठेवायचा आणि त्याला आपल्याकडे ओढायचं, हा त्याचा क्रम. सेजमन, ट्रॅबर्ट, रोजवॉल, होड असे एकेक मोहरे त्याने नेले. विम्बल्डनच्या कारभाऱ्यांचा त्याच्यावर राग होता, कारण दरवर्षी त्यांच्या हातात उरत होते ते क्रेमरने अजून न नेलेले खेळाडू. १९६० साली आंतरराष्ट्रीय महासंघात खुल्या टेनिसचा, म्हणजे हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंना एकत्र खेळू देण्याचा, ठराव अवघ्या पाच मतांनी पडला. त्यानंतर ही व्यवस्था आणखी आठ वर्षं रेटली गेली. १९६८ साली ती कोसळली, त्यात सर्वांत मोठा वाटा क्रेमरचा आहे.

आपला रामनाथन कृष्णनही त्याच्या यादीत होता. तीन वर्षांसाठी दीड लाख डॉलर, असा प्रस्ताव क्रेमरने त्याच्यापुढे ठेवला होता. कृष्णनने नकार दिला, कारण व्यावसायिक झाला असता तर त्याला भारतासाठी डेव्हिस चषक खेळता आला नसता. देशप्रेमाची गोष्ट म्हणून हा प्रसंग आपण कौतुकाने सांगतो. मला त्यात कृष्णनच्या मोठेपणाइतकाच कारभाऱ्यांचा निर्दयपणा दिसतो. देश हवा की पोट, अशी निवड एका खेळाडूपुढे ठेवण्याचा अधिकार त्यांना दिला कुणी? आपण त्यागाचे गोडवे गातो आणि त्याग करायला लावणाऱ्यांना सोडून देतो.

इथवरचा क्रेमर मला आवडतो. इथून पुढचा आवडत नाही.

पांचो गोन्झालेस हे नाव मराठी वाचकाला फारसं माहीत नसेल. लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन घरातला हा पोरगा शाळा बुडवतो म्हणून तिथल्या टेनिसच्या सर्वेसर्वाने, पेरी जोन्सने, त्याला स्पर्धांबाहेर ठेवलं होतं. तरी तो दोनदा अमेरिकेचा विजेता झाला आणि पुढे व्यावसायिक टेनिसमध्ये वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर राहिला. क्रेमरने त्याला सात वर्षांच्या कराराने बांधलं होतं. १९५५-५६ च्या मालिकेत गोन्झालेसने टोनी ट्रॅबर्टला ७४ विरुद्ध २७ असं लोळवलं. जिंकणाऱ्या गोन्झालेसला मिळाले १५ हजार डॉलर आणि हरणाऱ्या ट्रॅबर्टला ८० हजार. गोन्झालेस न्यायालयात गेला आणि हरला, कारण करारावर त्याची सही होती.

क्रेमरचा युक्तिवाद असा की गर्दी नव्या आव्हानवीराला पाहायला येते, म्हणून मोबदला त्याला. धंद्याच्या हिशोबात हे बसतही असेल. पण हौशी संघटनांचे पदाधिकारी यापेक्षा वेगळं काय सांगत होते? नियम तुला ठाऊक होते, तू ते मान्य करून खेळायला आलास, आता तक्रार कसली? जो युक्तिवाद ऐकून क्रेमर विम्बल्डन सोडून बाहेर पडला, तोच त्याने आपल्या सर्वोत्तम खेळाडूच्या तोंडावर फेकला. सासुरवास सोसलेली सून सासू झाली की काय होतं ते आपल्या जात्यावरच्या ओव्यांना ठाऊक आहे. सोसलेलं दुःख माणसाला दुसऱ्याचं दुःख ओळखायला शिकवतंच असं नाही. कित्येकदा ते त्याला फक्त सत्तेची जागा दाखवतं.

आता १९७०. खुलं टेनिस सुरू होऊन दोन वर्षं झालेली. क्रेमरने स्पर्धांना एका माळेत ओवणारी ग्रां प्रीची योजना आखली: स्पर्धागणिक गुण, वर्षअखेरीस गुणांनुसार वाटायचा निधी आणि अव्वल खेळाडूंची अखेरची स्पर्धा. आजचा पुरुषांचा दौरा या आराखड्यावर उभा आहे. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेचा संचालकही तोच होता. तिथे पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर ठेवले होते आणि स्त्री विजेतीला १,५००. म्हणजे आठपटीहून जास्त फरक. खेळाडू स्त्रियांनी हा फरक कमी करायला सांगितलं. क्रेमरने साफ नकार दिला.

स्त्रियांच्या सामन्यांना गर्दी होत नाही, तिकिटं पुरुषांच्या नावावर विकली जातात, असं त्याचं म्हणणं. हे त्याचं प्रामाणिक मत असेल, मला त्यावर वाद घालायचा नाही. मला राग येतो तो या मताच्या मागे दडवलेल्या सत्तेचा. मोठ्या कोर्टावर कोण खेळणार, कुठल्या वेळी खेळणार, जाहिरातीत कुणाचं नाव वर झळकणार, हे कोण ठरवतं? संचालक. स्त्रियांना पाहायला कुणी येत नाही असं सांगणारा कोण? तोच संचालक. स्वतः लावलेल्या कुलपाकडे बोट दाखवून हे घर रिकामंच असतं असं म्हणण्यातला हा प्रकार सगळ्या जगातल्या कारभाऱ्यांना जमतो, पण खेळाडू असलेल्या माणसाच्या तोंडी तो जास्त खपतो. तो स्वतः विम्बल्डन जिंकलेला आहे, त्याला खेळ कळतो, तर तो सांगतो तेच खरं असणार, असं लोक धरून चालतात. पदकांमुळे त्याचा शब्द तपासायची कुणाला गरज वाटत नाही. माझा या लेखातला मुख्य आक्षेप हा आहे.

त्या स्त्रियांनी वाट पाहिली नाही. ग्लॅडिस हेल्डमन ही टेनिसच्या मासिकाची प्रकाशक. तिने ह्यूस्टनमध्ये स्वतंत्र स्पर्धा उभी केली. २३ सप्टेंबर १९७० रोजी बिली जीन किंग, रोझी कॅसल्स, नॅन्सी रिची यांच्यासह नऊ जणींनी एकेका डॉलरच्या करारावर सह्या केल्या. साडेसात हजार डॉलरची स्पर्धा, आणि प्रायोजक एक सिगारेट कंपनी. सिगारेटच्या पैशावर खेळ उभा राहावा हे मला आजही पटत नाही, आणि त्या नऊ जणींचा आदर करताना ते झाकायचं कारण नाही. पण त्यांना त्या दारात जावं लागलं, कारण दुसरी दारं ज्यांच्या हातात होती त्यांनी ती लावून घेतली होती. अमेरिकेच्या टेनिस संघटनेने त्यांच्यावर बंदीची कारवाई केली. तेवीस वर्षांपूर्वी क्रेमर ज्या बंदीला सामोरा गेला तीच ही बंदी. या वेळी तो बंदी घालणाऱ्यांच्या बाजूला उभा होता.

गर्दीच्या मुद्द्याचा निकाल तीन वर्षांत लागला. २० सप्टेंबर १९७३ रोजी ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये बिली जीन किंगचा सामना पाहायला ३०,४७२ माणसं आली. समोर कोण? बॉबी रिग्ज. ज्याच्याशी क्रेमर त्या बर्फाच्या रात्री न्यूयॉर्कमध्ये खेळला, तोच रिग्ज, आता पंचावन्न वर्षांचा. क्रेमरच्या रात्री पंधरा हजार, बिली जीनच्या रात्री त्याच्या दुप्पट. दूरचित्रवाणीवर या सामन्याचं समालोचन करायला क्रेमरला बोलावलं होतं. तो बसणार असेल तर मी खेळणार नाही, असं बिली जीनने ठणकावून सांगितलं आणि त्याला माघार घ्यावी लागली. काही जण याला सूडबुद्धी म्हणतात. मी म्हणत नाही. ज्याने तुमच्या पोटावर पाय दिला, त्याच्या तोंडून तुमच्या खेळाचं वर्णन जगाने ऐकावं असा आग्रह कुणीही धरू नये.

आणि तरीही त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात याच क्रेमरने खेळाडूंसाठी एक मोठी लढाई लढवली होती, हे सांगितलं नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. पुरुष खेळाडूंची एटीपी ही संघटना १९७२ साली स्थापन झाली आणि तो तिचा पहिला कार्यकारी संचालक झाला. डेव्हिस चषकासाठी खेळायला नकार दिला असं म्हणत युगोस्लाव्हियाच्या संघटनेने आपलाच खेळाडू निकी पिलिच याच्यावर बंदी घातली. ती विम्बल्डनला लागू राहिली तेव्हा संघटना लंडनच्या न्यायालयात गेली. तिथे यश आलं नाही, म्हणून ८१ खेळाडूंनी विम्बल्डनवर बहिष्कार टाकला. गतविजेता स्टॅन स्मिथ बाहेर, न्यूकम बाहेर, रोजवॉल बाहेर. विम्बल्डनशिवाय टेनिस नाही असं मानणाऱ्यांना खेळाडूंशिवाय विम्बल्डन कसं दिसतं ते कळलं. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी क्रेमरला खलनायक ठरवलं, बीबीसीच्या समालोचनातली त्याची जागा गेली. तो मागे हटला नाही. या लढ्यात तो शंभर टक्के बरोबर होता.

पण या संघटनेत स्त्रियांना जागा नव्हती. बिली जीन किंगला सगळ्यांची मिळून एकच संघटना हवी होती. पुरुषांना नको होती. म्हणून त्याच जूनमध्ये, विम्बल्डनच्या तोंडावर, लंडनच्या एका हॉटेलात स्त्रियांनी आपली वेगळी संघटना उभी केली. त्या दोन संघटनांमधली भिंत आजही पडलेली नाही. २०२० साली फेडररने या दोन्ही एकत्र कराव्यात असं जाहीरपणे सुचवलं, म्हणजे बिली जीनचं म्हणणं पुरुषांमधल्या एका मोठ्या खेळाडूच्या तोंडी यायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. मधल्या काळात किती पिढ्या कमी पैशात खेळून गेल्या. अमेरिकन स्पर्धेने १९७३ सालीच बक्षिसं समान केली, विम्बल्डनला त्यासाठी २००७ साल उजाडावं लागलं.

क्रेमरने एटीपीचं काम पगार न घेता केलं. त्याच्या चाहत्यांना याचं मोठं कौतुक आहे, आणि इथेच मला आपल्याकडचे ‘मानद’ सचिव आठवतात. आमचे पदाधिकारी एक पैसाही घेत नाहीत, हे वाक्य मी राज्यातल्या कितीतरी बक्षीस समारंभांत ऐकलं आहे. पगार न घेणाऱ्याला जाब विचारता येत नाही, विचारला तर विचारणाराच कृतघ्न ठरतो. क्रेमर एकाच काळात स्पर्धेचा संचालक होता, दौऱ्याचा आराखडा आखणारा होता, बीबीसीचा समालोचक होता, आणि त्याचं नाव असलेल्या रॅकेटी दुकानादुकानांत खपत होत्या. यापैकी कुठल्या टोपीखाली तो बोलतो आहे, हे कुणी कसं ओळखायचं? पगार घ्या, करार करा, हिशोब छापा आणि दुसऱ्या टोप्या उतरवून ठेवा, हे त्या फुकटच्या सेवेपेक्षा हजार पटींनी स्वच्छ आहे.

खेळाडूच दुसऱ्या खेळाडूचं दुःख ओळखत नाही, हे दुखणं आपल्या देशात किती खोल आहे ते २०१२ साली दिसलं. लंडन ऑलिम्पिकसाठी महेश भूपती आणि रोहन बोपण्णा या दोघांनीही लिअँडर पेसबरोबर खेळायला नकार दिला. त्यातून वाट काढताना अखिल भारतीय टेनिस संघटनेने मिश्र दुहेरीत सानिया मिर्झाला पेसबरोबर जोडलं. त्याच महिन्यात सानिया आणि भूपती फ्रेंच स्पर्धेचं मिश्र दुहेरीचं विजेतेपद जिंकून आले होते. ती जोडी तोडताना सानियाला काय वाटतं हे महत्त्वाचं नव्हतं, पुरुषांचं भांडण मिटवणं महत्त्वाचं होतं. एका ज्येष्ठ खेळाडूची समजूत काढायला आपला आमिषासारखा वापर झाला, असं तिने जाहीर निवेदन काढून सांगितलं. या भांडणातले सगळे पुरुष खेळाडूच होते. त्यांच्यापैकी कुणाला तिच्या बाजूने ठामपणे उभं राहावंसं वाटलं नाही.

आणि २०२३ साली? दिल्लीत जंतरमंतरवर कुस्तीगीर मुली लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन बसल्या होत्या. भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्षपदी पी. टी. उषा होती, त्या पदावरची पहिली स्त्री आणि या देशाने पाहिलेली एक थोर धावपटू. रस्त्यावर उतरणं ही बेशिस्त आहे आणि त्याने देशाची प्रतिमा मलीन होते, असं ती म्हणाली. काही दिवसांनी ती त्या मुलींना भेटायला गेली, पण आधीचे शब्द बोलून झाले होते. मला हे वाचताना जेवढं दुःख झालं तेवढं एखाद्या पुढाऱ्याचं विधान वाचून झालं नसतं. पुढाऱ्याकडून आपण काही अपेक्षा ठेवलेलीच नसते.

राज्यातल्या कुमार गटाच्या टेनिस स्पर्धा मी अनेक वर्षं पाहत आलो आहे. मुलींचे सामने मागच्या कोर्टांवर, भर दुपारच्या उन्हात. मुलांचा अंतिम सामना संध्याकाळी, पाहुणे आल्यावर, छायाचित्रकार आल्यावर. एका मुलीच्या वडिलांना मी विचारलं, तुम्ही तक्रार का करत नाही? ते म्हणाले, “सर स्वतः खेळलेले आहेत हो, त्यांना कळत असेल ना. आणि पुढच्या स्पर्धेत वाइल्ड कार्ड लागलं तर त्यांच्याकडेच जायचंय.” ड्रॉ, वेळापत्रक, वाइल्ड कार्ड, निवड समिती, सगळं एका माणसाच्या मुठीत आणि त्या माणसाला माजी खेळाडू असल्याचं कवच. बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात एटीपीची स्पर्धा झाली, पुणेकरांनी तिचा अभिमान मिरवला, मीही तिथे बसून टाळ्या वाजवल्या. तेवढ्या तोलाची स्त्रियांची स्पर्धा महाराष्ट्राला या काळात एकदाही मिळाली नाही. मुंबईत झाली ती त्याहून खालच्या श्रेणीची. याबद्दल आपल्या कुठल्या माजी खेळाडूने आवाज उठवलेला मी तरी ऐकला नाही.

२०२४ साली सोमदेव देववर्मन आणि पुरव राजा हे डेव्हिस चषक खेळलेले दोघे टेनिस संघटनेच्या निवडणुकीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मला त्यांचं हे पाऊल मोलाचं वाटतं, कारण त्यांनी खुर्ची मागण्याआधी नियम पाळा असं म्हटलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात कार्यकारिणीवर किमान दोन नामवंत खेळाडू आणि किमान चार स्त्रिया असाव्यात अशी तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे. पण हे खेळाडू कुणाच्या मर्जीने येणार? पदाधिकाऱ्यांच्या ओळखीतले, समारंभाला शाल घ्यायला येणारे, कुठल्याही कागदावर सही करणारे दोन जुने विजेते शोधणं कुठल्याही संघटनेला अवघड नाही. ते निवडायचा हक्क सध्या खेळत असलेल्यांना हवा, आणि त्यांत पहिल्या फेरीत हरणारी, रेल्वेच्या स्लीपर डब्यातून स्पर्धेला जाणारी मुलगीही मतदार हवी. निवडून आलेल्याची अकादमी असेल, प्रायोजकाशी करार असेल, तर ते पहिल्या दिवशी जाहीर झालं पाहिजे. प्रत्येक स्पर्धेच्या माहितीपत्रकात मुलांची आणि मुलींची बक्षिसं शेजारी शेजारी छापली पाहिजेत, कोर्टांचं वाटप आणि वेळा आदल्या दिवशी कारणांसकट लावल्या पाहिजेत. वाइल्ड कार्ड ज्याला दिलं त्याच्या नावापुढे ते का दिलं हे लिहिलं पाहिजे, खाली देणाऱ्याची सही हवी. यातली एकही गोष्ट करायला पैसा लागत नाही. उद्या सकाळी राज्य संघटनेच्या कार्यालयात एक परिपत्रक काढून ती सुरू करता येईल. ते परिपत्रक काढायला जो तयार नाही त्याने कितीही करंडक जिंकलेले असोत, माझं मत त्याला नाही.